मेंदू व पाठीचा कणा : शस्त्रक्रियेनें काय साधतें?

सुपें हें नांव शिवकालाचा इतिहास वाचलेल्या घरांत नवें नाहीं. शहाजीराजांच्या जहागिरींतले पुणें व सुपें हे परगणे आणि सुप्याचे संभाजी मोहिते येवढें तर शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. आज मी ज्या सुप्याविषयीं बोलणार आहें तें तेंच. बारामती तालुक्यांतील, मोरगांवाहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें, तालुक्याच्या जिराईत भागांतलें गांव. तेथें माझें आजोळ आहे. आजचा विषय मेंदू व पाठीचा कणा यांवरील शस्त्रक्रिया हा असला, तरी त्याचा आरंभ मला सुप्याहूनच केला पाहिजे. कारण या विषयांतली एक ठळक चूक मीं स्वतः तेथल्या माणसाच्या बाबतींत केली.

माझे मामा त्या वेळीं ७८ वर्षांचे होते. चैत्रांत मागल्या दाराच्या बुटक्या चौकटीवर त्यांचें डोकें आपटलें. जुन्या वाड्यांतील दारें वांकून जाण्यासाठींच केलेलीं असतात. मामा जन्मभर तेथें वांकून ये-जा करीत आले होते, पण त्या दिवशीं हातांत भरलेली कळशी होती म्हणून वांकले नाहींत. टेंगूळ आलें, मामीनें हळद लावली, आणि ती गोष्ट घरांत कोणाच्याच ध्यानांत राहिली नाहीं. ज्येष्ठांत मामीचा मला पुण्यास फोन आला. "अरे, हे हल्लीं फार झोपतात. परवां हिशेबाची वही उघडून दुपारभर बसले, पण बेरीज कांहीं होईना. आणि डाव्या पायांतली चप्पल वाटेंत निसटून जाते, तरी यांना कळत नाहीं." मी वैद्यकाचा पदवीधर, पंचवीस वर्षें रोगी पाहिलेला. मीं तिला सांगितलें, "मामी, अठ्ठ्याहत्तर वर्षें झालीं; आतां असें थोडें व्हायचेंच." पलीकडे क्षणभर शांतता झाली, आणि मग मामी म्हणाली, "वय काय एकाच पायाला होतें होय रे?"

मामी चौथी इयत्ता शिकलेली. पण तिनें विचारलें तो प्रश्न मीं विचारायला हवा होता. म्हातारपण दोन्ही पायांना सारखेंच येतें. एकाच बाजूचा पाय निकामी होऊं लागला तर त्याचें कारण डोक्याच्या दुसऱ्या बाजूस शोधावें लागतें. दुसऱ्या दिवशीं मामांना बारामतीस नेऊन डोक्याचा सी. टी. स्कॅन केला. उजव्या बाजूस, कवटी व मेंदू यांच्या मध्यें, चंद्रकोरीच्या आकाराचा रक्ताचा जाड थर दिसला. त्या थरानें मेंदू मधल्या रेषेच्या पलीकडे ढकलला होता.

हा प्रकार कसा घडतो तें सांगतों. मेंदूवर आवरणें असतात, व मेंदूच्या पृष्ठभागापासून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक नीला त्यांच्या मधून गेलेल्या असतात. वय होत जातें तसा मेंदू किंचित् आकसतो आणि या नीला ताणलेल्या दोऱ्यांप्रमाणें होतात. मग चौकटीचा साधा ठोसाहि एखादी तोडण्यास पुरतो. रक्त फार हळू झिरपतें. त्याभोंवतीं शरीर एक पातळ पडदा तयार करतें, त्या पडद्यांतील कोंवळ्या रक्तवाहिन्या पुनः पुनः पाझरतात, आणि आठवड्यामागून आठवडे ती पिशवी वाढत राहते. हृदयविकारासाठीं रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेणाऱ्यांत हें अधिक होतें. मामा ती गोळी घेत होतेच. चैत्रांतला मार ज्येष्ठांत लक्षणें दाखवितो तो असा, आणि मधल्या काळांत घरच्या मंडळींनीं "म्हातारचळ" म्हणून त्यावर पडदा टाकलेला असतो.

शस्त्रक्रिया पाऊण तासाची झाली. केस काढून, कातडीला भूल देऊन, कवटीला शर्टाच्या गुंडीयेवढीं दोन भोंकें पाडलीं, आंतलें आवरण उघडलें, आणि यंत्रांतील जळक्या तेलासारखें काळें रक्त आपोआप बाहेर आलें. मिठाच्या पाण्यानें पोकळी धुऊन काढली व तेथें एक मऊ नळी दोन दिवस ठेवली. ही नळी ठेवावी कीं ठेवूं नये यावर पूर्वीं शस्त्रवैद्यांत मतभेद असत. २००९ सालीं केंब्रिज येथील मंडळींनीं त्याची रीतसर परीक्षा केली : नळी न ठेवलेल्यांपैकीं शेंकडा २४ जणांत रक्त पुन्हा सांचलें, ठेवलेल्यांत शेंकडा ९ जणांत. येवढ्याशा नळीनें येवढा फरक पडतो! दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामांनीं चहांत साखर कमी असल्याची तक्रार केली, आणि मामीनें पदर डोळ्यांस लावला.

असेंच सर्वांचें होतें असें मात्र समजूं नये. त्याच केंब्रिजच्या परीक्षेंत सहा महिन्यांच्या आंत नळी ठेवलेल्यांपैकीं शेंकडा ८·६ आणि न ठेवलेल्यांपैकीं १८·१ रोगी दगावले होते. हीं माणसें वृद्ध, अनेक व्याधींनीं आधींच थकलेलीं. शस्त्रक्रिया लहान असली तरी रोगी लहान नसतो.

आतां या हकीकतींतील महत्त्वाची गोष्ट. मामांच्या मेंदूला शस्त्रवैद्यानें बोटहि लावलें नाहीं. त्यानें त्यावरचें ओझें उतरविलें, आणि दबून गेलेला मेंदू पुन्हा आपल्या जागीं येऊन आपलें काम करूं लागला. मेंदूच्या पेशी एकदां मेल्या म्हणजे त्यांना टांका घालतां येत नाहीं; मज्जारज्जू तुटला तर तो सांधतां येत नाहीं. दाब काढणें, वाहतें रक्त थांबविणें, वाढलेली गांठ दूर करणें, हललेलें हाड स्थिर करणें, हें शस्त्राच्या हातचें आहे. बाकी जें कांहीं परत येतें तें मेलेलें नव्हतें, नुसतें मिटून बसलें होतें, म्हणून परत येतें. म्हणूनच या शस्त्रक्रियांचें फळ बरेचसें टेबलावर रोगी येण्यापूर्वींच ठरत आलेलें असतें, आणि उरलेलें तेथून गेल्यानंतर ठरतें. हें न कळल्यामुळें घरचीं माणसें कधीं भलत्या आशेनें, तर कधीं भलत्या निराशेनें निर्णय घेतात.

कवटी ही बंद पेटी आहे. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनीं १७८३ सालींच हें लिहून ठेवलें. तींत मेंदू, रक्त आणि मेंदूभोंवतींचें पाणी हीं तीनच असतात. बाहेरून चौथें कांहीं आंत शिरलें तर प्रथम पाणी व नीलांतलें रक्त जागा करून देतात. ही सवड संपली कीं आंतला दाब एकदम चढतो. या 'एकदम' शब्दाकडे लक्ष द्यावें. तासभर मनुष्य बोलतो, हिंडतो, आणि पुढच्या अर्ध्या तासांत बेशुद्ध होतो, याचें कारण या पेटींत आहे. मामांच्या डोक्यांत रक्त आठवड्यांनीं सांचलें म्हणून मेंदूला जुळवून घेण्यास अवधि मिळाला. तेंच रक्त तासाभरांत सांचतें तेव्हां तो अवधि नसतो.

गळिताच्या हंगामांत बारामती-इंदापुराकडील रस्त्यांनीं रात्रीं प्रवास केलेल्यांस उसाच्या ट्रॉल्या ठाऊक आहेत. मागें दिवा नसलेल्या अशा ट्रॉलीवर एखादा तरुण मोटारसायकलीनें आदळतो. डोक्यावर शिरस्त्राण नसतें. कानशिलावर मार लागतो. तेथील हाड पातळ, आणि त्याच हाडाच्या आंतल्या अंगानें एक धमनी गेलेली असते. हाडाबरोबर ती फुटते. पोरगा उठून बसतो, पाणी पितो, "मला कांहीं झालें नाहीं" म्हणतो, आणि लोक त्याला घरीं नेऊन निजवितात. पहांटे तो उठत नाहीं. ज्याला शस्त्रक्रियेनें बहुतेक निश्चित वांचवितां येतें असा हा रक्तस्राव. कारण खालचा मेंदू पुष्कळदां शाबूत असतो. वेळेवर कवटी उघडून गोळा काढला आणि धमनी बांधली कीं तोच पोरगा पंधरा दिवसांनीं घरीं जातो. मेंदू स्वतः चेंगरून त्यावर रक्त सांचलें असेल तर गोष्ट बिकट असते. अशा बेशुद्ध ८२ रोग्यांचा एक अहवाल १९८१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. पहिल्या चार तासांत ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांपैकीं शेंकडा ३० मृत्यु पावले, व उशीर झालेल्यांपैकीं शेंकडा ९०. पुढच्या अभ्यासकांना हें अंतर येवढें विलक्षण आढळलें नाहीं, पण दिशा कोणी खोटी म्हटली नाहीं.

चार तास म्हणजे किती? सुप्याहून चौफुला, तेथून सोलापूर रस्त्यानें पुणें, असें साठ-सत्तर किलोमीटरांचें अंतर. तें तास-दीड तासांत तोडतां येतें. तास जातात ते रस्त्यावर क्वचितच. ते जातात ओसरीवर, "सकाळपर्यंत पाहूं" म्हणण्यांत, आणि ज्या दवाखान्यांत डोक्याचें चित्र काढण्याची सोय नाहीं तेथें सलाईन लावून बसण्यांत. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. पुण्याच्या घरांत बसून गांवच्या अपघाताचा फोन घेणाऱ्यानें काय विचारावें? तो डोळे आपण होऊन उघडतो का; विचारल्यास नीट उत्तर देतो कीं बडबडतो; 'हात वर कर' म्हटल्यास करतो का. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनीं १९७४ सालीं याच तीन गोष्टींवरून शुद्धीचें माप बसविलें, आणि आज तें ३ ते १५ गुणांच्या रूपांत जगभर चालतें. १५ गुणांचा मनुष्य तासाभरांत १३ वर आला तर तो झोपाळलेला नव्हे, खालावलेला समजावा. वारंवार ओकारी, वाढतें डोकें दुखणें, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्याहून मोठी होणें, नाकाकानांतून रक्त किंवा पाणी येणें, यांतलें एकहि दिसलें तर प्रश्न संपला, निघावें.

जातां जातां एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वैद्यांच्या अभिमानाला औषध आहे. डोक्याला मार लागला कीं सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचें इंजेक्शन देण्याची रीत अनेक वर्षें होती. २००४ सालीं दहा हजारांहून अधिक रोग्यांवर त्याची परीक्षा झाली, तेव्हां दोन आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकीं शेंकडा २१·१ व न घेतलेल्यांपैकीं १७·९ मृत्यु पावले असें दिसलें. सद्‌भावनेनें दिलेलें औषध माणसें मारीत होतें, आणि मोजून पाहीपर्यंत कोणाला तें कळलें नाहीं.

कवटी उघडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. राजगृहाच्या श्रेष्ठीचें डोकें उघडणाऱ्या जीवकाची कथा बौद्धांच्या महावग्गांत आहे. परंतु आजचें शास्त्र विसाव्या शतकाचें. बॉस्टनच्या हार्वे कुशिंग यांनीं रक्त थांबविण्याच्या चांदीच्या चिमट्या १९११ सालीं वापरल्या व विजेनें रक्तवाहिन्या डागण्याची कला १९२६ सालीं आणली, तेव्हां कोठें मेंदूतील गांठ काढून रोगी जगण्याची वाजवी आशा बाळगतां येऊं लागली. हिंदुस्थानांत वेल्लोर येथें डॉ. जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं व मद्रासेस डॉ. बी. राममूर्ति यांनीं १९५० सालीं हें काम सुरू केलें. मुंबईस मॉन्ट्रियल येथें पेनफिल्ड यांच्या हाताखालीं शिकून आलेले डॉ. राम गिंडे यांनीं त्यानंतर लवकरच त्याचा पाया घातला. त्या पिढीच्या हातीं आजचीं चित्रें नव्हतीं. मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून किंवा मानेच्या धमनींत रंग सोडून क्ष-किरणांनीं जी छाया दिसे, तिच्यावरून गांठ कोठें असावी याचा तर्क करीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळ विंबल्डन येथें सी. टी. यंत्रानें पहिल्या जिवंत माणसाच्या मेंदूचें चित्र काढलें गेलें, आणि तर्काच्या जागीं दर्शन आलें. दुर्बीण लावून मेंदूवर काम करण्याची रीत त्याच सुमारास रूढ झाली. आज जागृत रोग्याशीं बोलत बोलत त्याच्या वाणीच्या केंद्राजवळची गांठ काढतात. मेंदूला स्वतःला वेदना नसते, म्हणून हें शक्य होतें.

येवढी साधनें आलीं तरी एक प्रश्न सुटलेला नाहीं, आणि तो वैद्यांपेक्षां घरच्यांस अधिक छळतो. अपघातांत मेंदू सुजून दाब कोणत्याहि औषधानें उतरेना, तेव्हां कवटीचा मोठा तुकडाच काढून ठेवतात, म्हणजे सुजलेल्या मेंदूस जागा मिळते. तो तुकडा आपल्याकडे पुष्कळदां रोग्याच्याच पोटाच्या कातडीखालीं जपून ठेवतात व कांहीं महिन्यांनीं परत बसवितात. यानें प्राण वांचतात काय? वांचतात. २०१६ सालीं ४०८ रोग्यांचा अहवाल आला : नुसत्या औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकीं सहा महिन्यांत शेंकडा ४८·९ मृत्यु पावले, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं २६·९. म्हणजे शंभरांमागें बावीस जीव अधिक वांचले. आतां या बाविसांचें पुढें काय झालें तें ऐकावें. सुमारें सहा कायमचे निर्बोध स्थितींत राहिले. सुमारें आठ घरांत इतरांच्या मदतीवांचून राहूं शकत नव्हते. आणि सुमारें आठ निदान घरापुरते स्वतंत्र झाले.

रात्रीं दोन वाजतां बाहेरच्या बांकावर बसलेल्या बापाला सहीचा कागद दिला जातो, तेव्हां त्याला हे आंकडे कोणी सांगत नाहीं. "ऑपरेशन करूं, प्रयत्न करूं" येवढेंच सांगतात. आणि तो सही करतो, कारण दुसरें करण्याचें धैर्य कोणत्या बापाला होईल? सही करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. वीस वर्षांच्या पोराला, बाहुल्या अजून उजेडाला आकसत असतां, मी स्वतः सही करीन. ऐंशीच्या माणसाला, दोन्ही बाहुल्या विस्फारून कित्येक तास झाले असतां, मी करणार नाहीं. परंतु "हा जगेल का" या प्रश्नाला जोडून "जगला तर कसा जगेल" हा प्रश्न विचारण्याचा घरच्यांना हक्क आहे, आणि त्याचें उत्तर ज्याला माहीत आहे त्यानें तें न टाळतां द्यावें. डोळे पांढरे झालेल्या माणसाविषयीं बोलतांना वैद्याच्याहि तोंडाला कोरड पडते. ती सबब पुरेशी नाहीं.

आतां डोक्याखालीं, मानेकडे येऊं. चार-पांच किलोंचें डोकें मानेवर तोललेलें असतें. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई पाहिली म्हणजे हा तोल किती विलक्षण आहे हें कळतें. ती मान वळविते, बोलते, आणि पाणी सांडत नाहीं. या वळण्याचा जवळजवळ निम्मा भाग मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्यें होतो. पहिला मणका कड्यासारखा असून दुसऱ्या मणक्याची दातासारखी खुंटी त्या कड्यांत उभी असते, आणि खुंटीच्या लगेच मागें मज्जारज्जू. जन्मतः या सांध्यांत दोष असला किंवा मारानें तो सैल झाला तर खुंटी मागें सरकून मज्जारज्जूस चेपते. हातापायांना मुंग्या, चालतांना तोल जाणें, गुंड्या लावतां न येणें अशी सुरुवात होऊन शेवटीं श्वासहि कोंडूं शकतो. हा विकार आपल्या देशांत बराच आढळतो.

हा सांधा स्थिर कसा करावा, या प्रश्नावर जगभर पन्नास वर्षें खटपट चालली होती. १९३९ पासून तारेनें मणके बांधण्याची गॅली यांची पद्धत होती. ती तार पुष्कळदां ढिली पडे, आणि रोग्यास महिनोन्‌महिने मानेला कठीण पट्टा लावून बसावें लागे. पुढें मागेर्ल यांनीं सांध्याच्या आरपार स्क्रू घालण्याची रीत काढली. ती बळकट, परंतु मणके आधीं रांगेंत आणल्यावांचून ती करतां येत नसे, आणि शेजारून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीस इजा होण्याचें भय असे. मुंबईच्या परळ येथील के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. अतुल गोयल यांनीं १९८८ पासून निराळा मार्ग धरला. त्यांनीं दोन मणक्यांमधला सांधाच उघडला, त्यांतील कूर्चा खरवडून हाडाचे तुकडे भरले, आणि वरच्या व खालच्या मणक्यांच्या बाजूच्या भरीव भागांत स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीनें जोडले. स्क्रू स्वतंत्र असल्यामुळें सरकलेला मणका हातांनीं जाग्यावर आणून मग पक्का करतां येतो. डॉ. लहेरी यांच्यासह त्यांनीं ही पद्धत १९९४ सालीं प्रसिद्ध केली. २००१ सालीं जर्मनींतील हार्म्स यांनीं पट्टीऐवजीं दांडी वापरून तिचें एक रूप मांडलें, आणि २००२ सालीं गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या १६० रोग्यांचा अहवाल दिला. आज ही शस्त्रक्रिया जगभर गोयल-हार्म्स या जोडनांवानें चालते.

महापालिकेच्या रुग्णालयांत, जेथें एका खाटेशेजारीं दुसरा रोगी जमिनीवर गादी टाकून निजलेला असतो, तेथून जगानें उचललेली ही विद्या आहे. मला यांत नवल वाटत नाहीं. जेथें असे रोगी येत राहतात, तेथेंच हात शहाणा होतो. आपल्या घरांत कोणावर अवघड शस्त्रक्रिया ठरली, तर रुग्णालयाची फरशी किती चकचकीत आहे हें पाहण्याआधीं येथें अशा किती शस्त्रक्रिया होतात, आणि त्या रोग्यांचें पुढें काय होतें, हें विचारावें.

अपघातानें मज्जारज्जूच दुखावला, तर मात्र या कौशल्याला मर्यादा पडते. चिंचेवरून पडलेला, विहिरींत उतरतांना घसरलेला, बैलगाडीखालीं सांपडलेला असे रोगी खेड्यांतून येतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा कणा पडतांना जितका मोडलेला असतो त्याहून उचलतांना अधिक मोडतो. काखेंत व गुडघ्यांखालीं हात घालून जखमी माणसाला जीपमध्यें कोंबूं नये. चौघांनीं मिळून, डोकें, मान व कंबर एका रेषेंत ठेवून, फळीवर सरकवावें. फळी नसली तर दाराचें फळकूट चालतें. पुढें वेळेचाच हिशेब. मानेच्या मज्जारज्जूस इजा झालेल्या ३१३ रोग्यांच्या २०१२ च्या अहवालांत, चोवीस तासांत दाब काढलेल्यांपैकीं शेंकडा १९·८ जणांत सहा महिन्यांनीं ठळक सुधारणा दिसली, उशिरानें काढलेल्यांत शेंकडा ८·८ जणांत. दुप्पट, हें खरें. पण पांचांतील चौघांना तशी ठळक सुधारणा झाली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

त्या चौघांचें आयुष्य शस्त्रवैद्याच्या हातीं नसतें, तें परिचारिकेच्या, बायकोच्या, आईच्या हातीं असतें. पहिल्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेले शिपाई बहुतेक थोड्याच काळांत मरत. मज्जारज्जूच्या इजेनें नव्हे, तर पाठीला पडलेल्या जखमांनीं व मूत्रमार्गाच्या विषबाधेनें. नाझी जर्मनींतून इंग्लंडांत आश्रयास आलेले लुडविग गुटमान यांनीं १९४४ सालीं स्टोक मँडेव्हिल येथें असा एक कक्ष हातीं घेतला. त्यांचा मुख्य उपाय काय होता? रोग्याला रात्रंदिवस दर दोन तासांनीं कुशीवर वळविणें, मूत्राशय स्वच्छ ठेवणें, आणि त्याला अंथरुणांतून उठवून कामाला व खेळाला लावणें. यानें माणसें जगूं लागलीं. १९४८ च्या जुलैमध्यें त्यांनीं चाकाच्या खुर्चीवरील शिपायांचे सामने भरविले. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अधू झालेले जवान. त्यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्याच्या शर्यतींत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलें. पुण्यास खडकी येथें कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चाललेलें आहे. नागरिकांसाठीं, विशेषतः खेड्यांतल्या माणसासाठीं, अशी सोय फारच अपुरी आहे. मोठ्या रुग्णालयांत लाखांचे स्क्रू बसवून घरीं पाठविलेला तरुण सहा महिन्यांनीं माकडहाडावरच्या जखमेनें तापून परत येतो, हें मीं अनेकदां पाहिलें आहे. कारण घरच्यांना दर दोन तासांनीं वळविण्याचें कोणी सांगितलेंच नव्हतें.

साध्या कंबरदुखीविषयीं चारच शब्द बोलतों, कारण पत्रें त्याविषयींच अधिक येतील. मणक्यांमधली चकती सरकून पायांत कळ उतरणें, ज्याला आपल्याकडे रांझण म्हणतात, त्याचें कारण १९३४ सालीं मिक्स्टर व बार यांनीं दाखविलें, आणि तेव्हांपासून ती चकती काढण्याची घाई सुरू झाली. हॉलंडांत २८३ रोग्यांचे दोन गट करून पाहिलें : एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला थांबविलें. २००७ च्या त्या अहवालाप्रमाणें पहिल्या गटाची कळ लवकर थांबली, दुसऱ्यांतल्या शेंकडा ३९ जणांना पुढें शस्त्रक्रिया करावी लागली, आणि वर्षाअखेर दोन्ही गटांतील शेंकडा ९५ बरे झालेले होते. तेव्हां ज्याला कळ सोसवत नाहीं त्यानें करून घ्यावी, ज्याला थांबवतें त्यानें थांबावें. दोघेहि चूक करीत नाहींत. अपवाद एकच. कंबर दुखत असतां लघवी तुंबली किंवा नकळत होऊं लागली, बैठकीच्या जागीं बधिरपणा आला, किंवा दोन्ही पाय लुळे पडूं लागले, तर तें दुखणें त्याच रात्रीचें आहे. शेवटच्या मणक्यांमधल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब पडलेला असतो, आणि एक-दोन दिवस दवडले तर मूत्राशयाचा ताबा जन्माचा जाऊं शकतो.

मामा त्यानंतर सहा वर्षें जगले. रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या वैद्यांना विचारून कांहीं आठवडे बंद ठेवली होती, ती पुढें पुन्हा सुरू केली. मागल्या दाराच्या चौकटीला मामीनें जुन्या गोधडीची घडी सुतळीनें बांधली. ती अजून तेथें आहे, आणि सुप्यास गेलों म्हणजे तिच्याखालून मीहि वांकूनच जातों.